कालमालिकेच्या आलेखात कालमर्यादा अचूक कशी ठरवावी : पायथनमधील सविस्तर पद्धत

26 जुलै 2005 च्या मुंबईतील पावसाचा आकडा अनेकांना तोंडपाठ आहे : सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर. त्या ठिकाणची दैनिक पावसाची मालिका घेऊन आलेखाची कालमर्यादा ‘26 जुलै’ एवढीच ठेवली, तर मात्र हा आकडा आलेखात दिसतच नाही. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापक वाचतो आणि आदल्या दिवशीच्या साडेआठपासून पडलेला सगळा पाऊस वाचनाच्या तारखेवर नोंदवतो, त्यामुळे 944 हा आकडा 27 जुलैच्या ओळीत असतो. आलेखाची आज्ञा बिनचूक असते, माहितीही बिनचूक असते आणि तरीही चित्र चुकते.

कालमर्यादा ठरवणे हे वरकरणी एका ओळीचे काम वाटते. प्रत्यक्षात त्यात तीन वेगवेगळे निर्णय दडलेले असतात : कोणत्या नोंदी हिशेबात घ्यायच्या, आलेखाच्या चौकटीत कोणता काळ दाखवायचा, आणि त्या काळाची कड नेमकी कोणत्या क्षणाला पडते. बहुतेक घोळ हे तिन्ही निर्णय एकाच आज्ञेवर सोपवल्यामुळे होतात. या लेखात पायथन भाषेतील पँडाज (नोंदींचे तक्ते हाताळणारे) आणि मॅटप्लॉटलिब (आलेख काढणारे) ही तयार आज्ञांची दोन ग्रंथालये वापरून, मोसमी पावसाच्या दैनिक नोंदींच्या उदाहरणावर ते क्रमाने कसे घ्यावेत ते पाहू.

लेखनपद्धतीबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. येथे आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती नेहमीच्या रोमन लिपीतच लिहावी लागतात. चलांची, म्हणजे मूल्ये साठवण्यासाठी आपण ठेवलेली, नावे मात्र पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरीतही चालतात, त्यामुळे पुढील उदाहरणांतील ‘सुरुवात’ आणि ‘अखेर’ ही नावे आहेत तशी टंकित केली तरी कार्यक्रम चालतो. पँडाजला ‘पीडी’ आणि मॅटप्लॉटलिबच्या आलेखक्षेत्राला ‘एएक्स’ ही रूढ लघुनामे वापरली आहेत.

पायरी 1 : तारीख खरोखर तारीख आहे का?

समजा, सीएसव्ही फाईलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये) ‘दिनांक’ आणि ‘पाऊस’ असे दोन रकाने आहेत. फाईल वाचल्यावर दिनांकाचा रकाना बहुधा अक्षरमालांचाच, म्हणजे नुसत्या मजकुराचाच राहतो. तसाच तो मॅटप्लॉटलिबला दिला, तर प्रत्येक तारीख हा एक स्वतंत्र वर्ग समजला जातो; अक्षाखाली सर्व तारखा एकमेकींवर चढून काळा पट्टा उमटतो आणि मधले दिवस गहाळ असले तरी अंतरे समानच दिसतात. अशा अक्षावर कालमर्यादेला काही अर्थ उरत नाही. म्हणून पहिले काम ‘पीडी.टू_डेटटाइम’ या आज्ञेने रकान्याचे रूपांतर करण्याचे.

येथे भारतीय फाईलींचा एक खास सापळा आहे. आपण दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहितो, तर पँडाज संदिग्ध तारीख आली की आधी महिना आहे असे गृहीत धरते. 01-06-2005 ही तारीख तिच्या लेखी 6 जानेवारी ठरते. पँडाजच्या 2.0 आवृत्तीपासून पहिल्या नोंदीवरून ठरलेला साचाच पूर्ण रकान्याला लावला जातो, त्यामुळे दैनिक फाईलमध्ये 13-06-2005 येताच कार्यक्रम त्रुटी दाखवून थांबतो, आणि ते चांगलेच आहे. मासिक फाईलमध्ये मात्र हे संरक्षण मिळत नाही. तिथे प्रत्येक नोंद महिन्याच्या 1 तारखेची असते, म्हणून 01-01 पासून 01-12 पर्यंतच्या बाराही नोंदी निमूटपणे 1 ते 12 जानेवारी म्हणून वाचल्या जातात आणि कुठेही तक्रार येत नाही. त्यावर उपाय एकच : अंदाज करू न देता साचा स्वतः सांगावा. ‘फॉरमॅट’ या प्राचलात (आज्ञेच्या कंसात द्यायच्या सूचनेत) टक्का-डी (दिवस), टक्का-एम (महिना) आणि टक्का-कॅपिटल-वाय (चार अंकी वर्ष) ही चिन्हे फाईलमध्ये असलेल्या विभाजकांसह द्यावीत. ‘डेफर्स्ट’ हे प्राचल खरे केले तरी काम भागते, पण ते केवळ कल सांगते, सक्ती करत नाही. म्हणून स्पष्ट साचा अधिक विश्वासार्ह.

त्यानंतर दिनांकाला अनुक्रमणिका, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख, करावे (‘सेट_इंडेक्स’) आणि ‘सॉर्ट_इंडेक्स’ने ती कालक्रमाने लावून घ्यावी. क्रम बिघडलेल्या अनुक्रमणिकेवर तारखांची कापणी एक तर त्रुटी देते, नाही तर रेषा पुढे जाऊन पुन्हा मागे येत असल्याचे विचित्र चित्र देते. त्याच वेळी एकाच तारखेच्या दुहेरी नोंदी आहेत का तेही तपासावे, कारण पुढे गहाळ दिवस भरताना त्या आडव्या येतात.

पायरी 2 : मर्यादा एकदाच आणि एकाच ठिकाणी लिहावी

नैर्ऋत्य मोसमी पावसाचा हंगाम 1 जून ते 30 सप्टेंबर असा, म्हणजे 122 दिवसांचा धरला जातो. पायरी 1 मध्ये तयार झालेल्या मालिकेला ‘पाऊस’ हे नाव दिले, तर ही मर्यादा कार्यक्रमात अशी लिहावी (‘टाइमस्टॅम्प’ म्हणजे पँडाजमधील एक नेमका क्षण) :

सुरुवात = पीडी.टाइमस्टॅम्प('2005-06-01')
अखेर = पीडी.टाइमस्टॅम्प('2005-10-01')
हंगाम = पाऊस[(पाऊस.इंडेक्स >= सुरुवात) & (पाऊस.इंडेक्स < अखेर)]

अखेर म्हणून 30 सप्टेंबर न लिहिता 1 ऑक्टोबर का लिहिले, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. संगणकाच्या लेखी ‘2005-09-30’ हा दिवस नसून एक क्षण आहे : 30 तारखेची मध्यरात्र, म्हणजे तो दिवस सुरू होतानाचे शून्य वाजणे. दैनिक नोंदींत हा फरक जाणवत नाही, कारण नोंदीवरही तोच क्षण असतो. परंतु उद्या तोच कार्यक्रम तासागणिक नोंदींवर चालवला आणि अट ‘30 सप्टेंबर किंवा त्याआधी’ अशी असली, तर 30 तारखेची फक्त मध्यरात्रीची नोंद येते आणि उरलेले 23 तास गळून पडतात. सुरुवातीचा क्षण धरायचा आणि अखेरचा सोडायचा, अशी अर्धखुली मर्यादा ठेवली की नोंदी दैनिक असोत, तासांच्या असोत की मिनिटांच्या, अट बदलावी लागत नाही. शिवाय लागोपाठच्या दोन हंगामांत एकही नोंद दोनदा मोजली जात नाही.

पँडाजच्या ‘लोक’ पद्धतीने अक्षरमाला देऊन कापणी केली, म्हणजे पाऊस.लोक['2005-06-01':'2005-09-30'] असे लिहिले, तर तिथे नियम वेगळा आहे. दोन्ही टोके धरली जातात आणि शेवटच्या तारखेचा पूर्ण दिवस समाविष्ट होतो. केवळ '2005-07' लिहिले तर अख्खा जुलै मिळतो. तपासणी करताना ही सोय फार उपयोगी पडते. पण त्याच जागी अक्षरमालेऐवजी टाइमस्टॅम्प दिला की तो पुन्हा क्षण बनतो आणि शेवटचा दिवस कापला जातो. दिसायला सारख्या दोन ओळी वेगवेगळ्या नोंदी देतात, म्हणून कायमस्वरूपी कार्यक्रमात अक्षरमालांची कापणी टाळावी, असे माझे मत आहे.

पायरी 3 : नोंदी कापाव्यात की चौकट लहान करावी?

कालमर्यादा लावण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वर दाखवल्याप्रमाणे नोंदीच गाळून उरलेल्यांचा आलेख काढणे. दुसरा म्हणजे सर्व नोंदींचा आलेख काढून अक्षाची मर्यादा ठरवणे :

एएक्स.सेट_एक्सलिम(सुरुवात, अखेर)

पहिल्यात माहिती कमी होते, दुसऱ्यात फक्त खिडकी लहान होते आणि बाहेरच्या नोंदी तिच्या पलीकडे तशाच राहतात. परिणाम बरेचदा सारखा दिसतो, म्हणूनच लोक यातला कोणताही मार्ग सवयीने उचलतात. फरक कुठे पडतो ते पाहण्यासारखे आहे.

पहिला फरक उभ्या अक्षाचा. ‘सेट_एक्सलिम’ने आडवी मर्यादा लहान केली तरी उभी मर्यादा आपोआप नव्याने जुळवली जात नाही, ती संपूर्ण मालिकेवरूनच ठरलेली असते. मालिकेत 944 मिलिमीटरची नोंद असेल आणि खिडकी 2006 च्या जूनवर असेल, तर त्या महिन्यातील 20 किंवा 40 मिलिमीटरचे स्तंभ तळाशी चिकटलेल्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटते की पाऊस झालाच नाही. म्हणून खिडकीचा मार्ग घेतल्यास दृश्य नोंदींचे महत्तम मूल्य काढून ‘सेट_वायलिम’ स्वतंत्रपणे द्यावे. पावसाच्या स्तंभालेखात खालची मर्यादा शून्यच ठेवावी, आणि वरची मर्यादा महत्तम मूल्याच्या पाच-दहा टक्के वर असली की पुरते.

दुसरा फरक रेषेच्या टोकांचा. नोंदी कापल्यावर रेषा शेवटच्या नोंदीवर संपते. खिडकी लहान केल्यास ती चौकटीच्या कडेपर्यंत जाते, कारण पलीकडचा बिंदू अजून अस्तित्वात असतो. धरणातील पाणीसाठ्यासारखी सलग राशी दाखवताना दुसरे चित्र अधिक खरे असते. ‘ही मालिका येथेच थांबली’ असे सांगायचे असेल, तर पहिले.

तिसरा फरक सर्वांत महाग पडणारा आहे, तो म्हणजे मोजणीचा क्रम. सात दिवसांची सरकती सरासरी काढायची असेल आणि नोंदी आधी कापल्या, तर 1 जून ते 6 जून या सहा दिवसांना सरासरीच मिळत नाही, कारण 1 जूनच्या सरासरीसाठी 26 मेपासूनच्या नोंदी लागतात. आलेखात रेषा 7 जूनला अचानक उगवते. म्हणून सरकती सरासरी पूर्ण मालिकेवर काढावी आणि कापणी नंतर करावी. हंगामातील एकूण पावसाची बेरीज (‘कमसम’) याच्या नेमकी उलट : ती 1 जूनपासून शून्यावरून सुरू व्हायला हवी, म्हणून कापणी आधी आणि बेरीज नंतर. दोन्ही रेषा एकाच आलेखात असतील, तर दोन्हींसाठी वेगवेगळ्या नोंदी तयार कराव्या लागतात. ते टाळण्याचा प्रयत्न करू नये.

आर या दुसऱ्या संगणकभाषेत जीजीप्लॉट हे आलेखांचे ग्रंथालय वापरणाऱ्यांना हाच भेद आणखी धारदारपणे भेटतो. तिथे ‘स्केल_एक्स_डेट’मध्ये मर्यादा दिली की बाहेरच्या नोंदी काढूनच टाकल्या जातात आणि त्यावर आखलेली कलरेषाही बदलते; ‘कोऑर्ड_कार्टेशियन’मध्ये दिली तर फक्त दृश्य लहान होते. प्लॉटली या आणखी एका आलेख-ग्रंथालयात ‘अपडेट_एक्सअ‍ॅक्सेस’मध्ये ‘रेंज’ द्यावी लागते, आणि तिथेही उभा अक्ष स्वतःच जुळवून घ्यावा लागतो.

पायरी 4 : अक्षावर आकडा दिला तर काय होते

मॅटप्लॉटलिब आतून तारखा आकड्यांतच साठवते : 1 जानेवारी 1970 पासून झालेले दिवस. 1 जून 2005 म्हणजे 12935. (3.3 या आवृत्तीच्या आधी गणना सन 1 पासून होत असे, त्यामुळे जुन्या कार्यक्रमांत हाताने लिहिलेले आकडे आज चुकीचे ठरतात.) याचा व्यावहारिक अर्थ असा की, ‘सेट_एक्सलिम(2005, 2006)’ असे लिहिणाऱ्याला 2005 साल मिळत नाही, त्याला 29 जून 1975 या दिवसापासून एका दिवसाची रिकामी चौकट मिळते. 20050601 असा जोडाकडा दिल्यास तो सन 9999 च्याही पलीकडे जातो आणि त्रुटी येते. रिकाम्या अक्षाला अक्षरमाला दिल्या, तर त्या वर्ग म्हणून घेतल्या जातात. म्हणून मर्यादा नेहमी टाइमस्टॅम्प किंवा डेटटाइम (पायथनचा स्वतःचा तारीख-वेळ प्रकार) याच रूपात द्यावी.

डावी मर्यादा उजवीपेक्षा मोठी दिली तर तक्रार येत नाही. काळ उजवीकडून डावीकडे वाहू लागतो. मर्यादा मालिकेतूनच काढली असेल आणि ती रिकामी तारीख निघाली, तर मात्र कार्यक्रम थांबतो.

पायरी 5 : स्तंभ, मध्यरात्र आणि साडेआठ

रेषेपेक्षा स्तंभालेखात कडांचा प्रश्न अधिक छळतो. मॅटप्लॉटलिब स्तंभाची रुंदी, वेगळे सांगितले नाही तर, 0.8 एकक ठेवते, आणि तारखेच्या अक्षावर एकक म्हणजे दिवस. स्तंभाचा मध्य नोंदीच्या क्षणावर बसतो, म्हणून 1 जूनचा स्तंभ 31 मेच्या दुपारी 14:24 पासून 1 जूनच्या सकाळी 9:36 पर्यंत पसरतो. अक्षाची मर्यादा 1 जूनच्या मध्यरात्री सुरू केली की पहिल्या स्तंभाचा डावा अर्धा भाग कापला जातो. मर्यादा 30 सप्टेंबरला संपवली असेल, तर शेवटचाही अर्धाच उरतो. छापून आलेल्या कितीतरी आलेखांत हे अर्धे स्तंभ दिसतात.

साधा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना अर्ध्या दिवसाची मोकळीक देणे : सुरुवातीतून 12 तास वजा करायचे, आणि अखेर 1 ऑक्टोबर असल्यामुळे तीतूनही 12 तास वजा करायचे. त्याहून शिस्तशीर उपाय म्हणजे ‘अलाइन’ हे प्राचल ‘एज’ करून स्तंभ डाव्या कडेवरून उभा करणे. मग 1 जूनचा स्तंभ 1 जूनच्या मध्यरात्रीपासूनच सुरू होतो आणि मूळ मर्यादा जशीच्या तशी लागू पडते.

पण हवामान विभागाच्या नोंदींसाठी हेही पुरेसे खरे नाही, कारण 27 जुलैची नोंद 26 जुलैच्या सकाळी साडेआठपासून 27 च्या साडेआठपर्यंतच्या पावसाची आहे. ते चित्रात उतरवायचे असेल, तर अनुक्रमणिकेत 8 तास 30 मिनिटांचा ‘टाइमडेल्टा’ (कालावधी) मिळवावा, ‘अलाइन’ला ‘एज’ द्यावे आणि रुंदी उणे एक ठेवावी. रुंदी ऋण असली की स्तंभ दिलेल्या क्षणापासून डावीकडे पसरतो. आता 944 चा स्तंभ बरोबर त्या साडेआठ ते साडेआठच्या पट्ट्यावर उभा राहतो आणि त्याचा बहुतांश भाग 26 जुलैवर येतो. शेजारी कुलाब्याची मालिका त्याच पद्धतीने काढली, तर तिथे त्याच 24 तासांत 75 मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस झाला होता हे एका नजरेत कळते. दोन्ही चित्रे एकाखाली एक ठेवताना ‘सबप्लॉट्स’मध्ये ‘शेअरएक्स’ खरे करावे, म्हणजे एका अक्षाची मर्यादा बदलली की दुसऱ्याचीही बदलते. उभी मर्यादा मात्र येथे दोन्हींना मुद्दाम समान द्यावी, नाहीतर तुलनेचा हेतूच फसतो.

तासागणिक नोंदींचे स्तंभ काढताना रुंदी 0.8 तशीच राहिली, तर प्रत्येक स्तंभ 19 तासांहून जाड होतो आणि सगळा आलेख एकसंध निळा दिसतो. तिथे रुंदी एक भागिले चोवीस अशी द्यावी.

पायरी 6 : पँडाजची स्वतःची ‘प्लॉट’ आज्ञा

घाईत पाऊस.प्लॉट() लिहिणे सोयीचे असते आणि तिथे ‘एक्सलिम’ हे प्राचल थेट देताही येते. मात्र मालिकेची वारंवारिता नियमित असेल, म्हणजे नोंदी समान अंतराने असतील, तर पँडाज आडवा अक्ष आपल्या वेगळ्या एककात मांडते : तासांच्या मालिकेला तास, महिन्यांच्या मालिकेला महिने. दैनिक मालिकेत हे एकक योगायोगाने मॅटप्लॉटलिबच्या दिवसांशी जुळते, त्यामुळे गडबड लपून राहते आणि मालिका मासिक झाल्यावरच उघड होते. जून 2005 हा पँडाजच्या गणनेत 425 वा महिना; त्याच अक्षावर मॅटप्लॉटलिबची तारीख-मांडणी लावली की ती 425 ला दिवस समजते आणि अक्षावर मार्च 1971 छापते. तासांच्या मालिकेत हाच प्रकार आपल्याला थेट सन 2819 मध्ये नेऊन सोडतो. आलेखात 1970-71 ची अनाहूत साले दिसू लागली, की पहिला संशय येथेच घ्यावा.

‘एक्स_कॉम्पॅट’ हे प्राचल खरे केल्यास पँडाज हा वेगळेपणा सोडते. त्याहून चांगले म्हणजे अंतिम आलेख ‘एएक्स.प्लॉट’ किंवा ‘एएक्स.बार’ या मॅटप्लॉटलिबच्या आज्ञांनीच काढावा. पँडाजची आज्ञा स्वतःही मर्यादा लावत असल्याने, ती वापरलीच तर ‘सेट_एक्सलिम’ तिच्यानंतर लिहावे.

पायरी 7 : खुणा आणि मोकळ्या कडा

मर्यादा काहीच दिली नाही, तर मॅटप्लॉटलिब दोन्ही बाजूंना पाच टक्के जागा मोकळी सोडते. 122 दिवसांच्या हंगामात ती सहा दिवसांची भरते, म्हणजे अक्ष मेच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपतो. ‘एएक्स.मार्जिन्स(एक्स=0)’ लिहिल्यास ही जागा जाते. ‘सेट_एक्सलिम’ दिल्यावर त्याची गरज उरत नाही.

अक्षावर तारखा दाखवणाऱ्या खुणांसाठी हंगामी आलेखात ‘मंथलोकेटर’ आणि एका महिन्याच्या आलेखात ‘डेलोकेटर’ बरा. लांबी बदलती असेल तर ‘ऑटोडेटलोकेटर’ आणि ‘कन्साइजडेटफॉर्मॅटर’ ही जोडी. दहा वर्षांच्या आलेखावर चुकून दररोजची खूण मागितली, तर साडेतीन हजारांवर खुणा होतात आणि मॅटप्लॉटलिब एक हजाराच्या पुढे इशारा देऊ लागते. ‘सेट_एक्सटिक्स’ने हाताने दिलेली खूण मर्यादेबाहेर असली, तर अक्ष तिला सामावून घेण्यासाठी स्वतःच रुंदावतो. यावरून निघणारा नियम सोपा आहे : ‘सेट_एक्सलिम’ ही आलेखाच्या आज्ञांमधली शेवटची ओळ असावी.

पायरी 8 : गहाळ दिवस

मध्येच नोंदी नसतील, तर रेषा अलीकडच्या आणि पलीकडच्या बिंदूंना सरळ जोडून टाकते आणि पंधरा दिवसांची पोकळी उताराच्या रेषेसारखी दिसते. ‘पीडी.डेट_रेंज’ने पूर्ण हंगामाच्या तारखा तयार करून ‘रीइंडेक्स’ केल्यास गहाळ दिवस रिकामे राहतात आणि रेषा तिथे तुटते. त्या रिकाम्या जागी शून्य भरू नये. पर्जन्यमापक बंद असणे आणि पाऊस न पडणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

पायरी 9 : साडेपाच तासांचा सरकाव

स्वयंचलित केंद्रांच्या किंवा उपग्रहांच्या नोंदी बऱ्याचदा जागतिक वेळेत असतात, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. जागतिक वेळेतील मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, आणि आपली मध्यरात्र म्हणजे तिथली आदल्या संध्याकाळची 18:30. अशा मालिकेवर भारतीय तारखांची मर्यादा तशीच लावल्यास प्रत्येक दिवस साडेपाच तासांनी सरकतो. आणि मालिकेला कालविभाग जोडलेला असून मर्यादेला नसेल, तर तुलना करतानाच त्रुटी येते. ‘टीझेड_लोकलाइझ’ने मालिका जागतिक वेळेची असल्याचे सांगावे, ‘टीझेड_कन्व्हर्ट’ने ती एशिया/कोलकाता या विभागात आणावी आणि नंतर ‘टीझेड_लोकलाइझ’ला रिकामे मूल्य देऊन विभाग काढून टाकावा. भारतात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत नसल्यामुळे हे काढून टाकणे निर्धोक आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या मालिकेबाबत तसे करू नये, कारण तिथे वर्षातून एकदा एक तास दोनदा येतो आणि एकदा एक तास येतच नाही.

पायरी 10 : अनेक वर्षे एकाच चौकटीत

दहा हंगाम एकावर एक दाखवायचे असतील, तर सर्व तारखा एका काल्पनिक वर्षात हलवाव्या लागतात. जून ते सप्टेंबर एवढेच दाखवायचे असेल तर कोणतेही वर्ष चालते. धरणसाठ्यासाठी मात्र जलवर्ष 1 जून ते 31 मे असे धरले जाते आणि ते दोन कॅलेंडर वर्षांत पसरते. तिथे काल्पनिक वर्ष 1 जून 1999 ते 31 मे 2000 असे घ्यावे, म्हणजे फेब्रुवारी 2000 या लीप वर्षात पडतो आणि 29 फेब्रुवारीची नोंद मावते. 2000-01 घेतल्यास त्याच एका नोंदीवर कार्यक्रम अडतो. जून आणि त्यापुढील महिन्यांना 1999, मेपर्यंतच्या महिन्यांना 2000, असा एका अटीचा हिशेब पुरतो. खुणांवर फक्त महिन्याचे नाव छापावे, वर्ष छापू नये. नाहीतर आलेख पाहणारा 1999 च्या पाण्याबद्दल प्रश्न विचारेल.

पायरी 11 : दररोज सरकणारी मर्यादा

‘गेले 30 दिवस’ असा आलेख रोज आपोआप काढायचा असेल, तर अखेर म्हणून आजची वेळ घेण्यापेक्षा मालिकेतील शेवटची तारीख घ्यावी. नोंदी दोन दिवस उशिरा आल्या तर पहिल्या पद्धतीत उजवीकडे रिकामी जागा पडते. ती रिकामी जागाच दाखवायची असेल, म्हणजे ‘नोंदी आल्या नाहीत’ हेच सांगायचे असेल, तर आजची वेळ योग्य. हा निर्णय आलेखाच्या हेतूवर सोडावा. शेवटची तारीख ‘नॉर्मलाइझ’ने मध्यरात्रीवर आणून तीत एक दिवस मिळवला की अर्धखुली अखेर मिळते. तीतून ‘टाइमडेल्टा’ने 30 दिवस वजा केल्यास लांबी कायम राहते, तर ‘डेटऑफसेट’ने एक महिना वजा केल्यास ती महिन्यागणिक बदलते : 31 मार्चमधून एक महिना वजा केला की 28 किंवा 29 फेब्रुवारी येते. कापणीनंतर एकही नोंद उरली नसेल, तर आलेख काढण्याआधीच कार्यक्रम थांबवावा. रिकामी चौकट अहवालात गेली, तर ती ‘पाऊस नाही’ अशीच वाचली जाते.

तपासणी

आलेख जतन करण्याआधी ‘गेट_एक्सलिम’ने मिळणारे दोन आकडे ‘नम2डेट’मधून घालून छापून पाहावेत; त्यांत 1970 च्या आसपासचे साल किंवा 18:30 ही वेळ दिसली तर पायरी 6 किंवा 9 कडे परत जावे. हंगाम या मालिकेची लांबी 122 आहे का ते पाहावे. त्यानंतर चित्र मोठे करून फक्त पहिला आणि शेवटचा स्तंभ तपासावा : दोन्ही पूर्ण रुंदीचे आहेत का, आणि त्यांची उंची फाईलमधील 1 जून व 30 सप्टेंबरच्या नोंदींशी जुळते का.